उंदराचं पेडल आणि मशेरीची डबी

१ सप्टेंबर १९५७, रविवार

डबी भरली. आठवड्याची म्हणून भरते आणि शुक्रवारीच तळ दिसतो. ह्या खेपेला गुरुवारी दिसला. म्हणून आज भुकटी जास्त घातली. लिहून ठेवते — नाही लिहिलं तर उद्या मीच मला थाप मारीन.

रीत ठरलेली आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रविवारी सकाळी ताप्ती नदीवर जातात. दीड तास घर माझं. पुढच्या खोलीतलं ह्यांचं कपाट उघडायचं. वरच्या कप्प्यात तपकिरी बाटली. तिच्यावर ह्यांच्या नेटक्या अक्षरात — 'कोकेन. विष. किल्ली डॉक्टरांजवळ.' खलात आत्याबाईंनीच भाजून कुटलेली मशेरी घ्यायची, वर ती पांढरी भुकटी, आणि घोटायचं. काळ्याचं राखाडी झालं की डबीत. डबी कोनाड्यात, आत्याबाईंच्या डबीशेजारी. दोन्ही पितळी, माझीला एका बाजूनं पोचा. लपवली असती तर कोणी शोधली असती. उघड्यावरच्या मशेरीच्या डबीकडे ह्या गावात कोण बघतं?

किल्ली आता डॉक्टरांजवळ नाही. डॉक्टर प्रकाश, म्हणजे हे, दातांचे डॉक्टर, अर्धा लोधीपुरा त्यांच्यासमोर तोंड उघडून बसलेला — दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेले. ही बाटली त्यांनी कधी वापरली नाही. आधीचे म्हातारे डॉक्टर गाव सोडून गेले तेव्हा कपाटासकट आलेली. दात काढायला हे स्वतः नवीन इंजेक्शन वापरत. हे गेले त्या हिवाळ्यात माझी अक्कलदाढ ठणकायला लागली. तीन दिवस सोसलं, चौथ्या दिवशी कपाट उघडलं. दाढ पुढे खंडव्याला जाऊन काढली. डबी राहिली.

३ सप्टेंबर, मंगळवार

शाळेत निघताना चिमूटभर पुडीत बांधून नेते. आज दोन तासांत संपली. सातवीच्या मुलींना मज्जासंस्था शिकवायची होती, तीही हिंदीतून — आम्ही आता भोपाळचे ना! गेल्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर आमचं होतं. आता नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे राहिलो आणि 'मज्जातंतू'ची 'तंत्रिका' झाली. माझी जीभ मशेरीनं बधिर, वर हिंदी! मुलींना वाटलं बाई हिंदीला घाबरतात. वाटू दे.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "तुहे डोळे काहून असे फाकलेले दिसतात?"

"पेपर तपासते ना रोज," म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांना लिहितावाचता येत नाही, मला आयतं सोयीचं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सुरेशचं पार्सल. माझा धाकटा भाऊ, नागपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. एक जुनं अमेरिकन मासिक पाठवलंय. 'ताई, उंदरांचा लेख वाच, मुलींना सांगायला मजा येईल.'

वाचला. दोनदा वाचला. मजा आली नाही.

कॅनडात दोघा शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवली. पेटीत एक पेडल ठेवलं. उंदरानं पेडल दाबलं की त्या तारेतून विजेचा अगदी किंचित झटका. दुखेल म्हणून उंदीर पळायला हवा होता. पळाला नाही. पुन्हा दाबायला आला. पुन्हा. तासाला शेकड्यांनी, तार नेमक्या जागी बसली असेल तर हजारांनी! भुकेला उंदीर शेजारचं अन्न टाकून पेडलाकडे गेला. वाटेत पायाला चटके देणारी जाळी ठेवली तर जाळीवरून गेला. मेंदूतच सुखाची एक जागा आहे म्हणे. खाल्लं, प्यालं, कोणी जवळ घेतलं की ती जागते — म्हणूनच आपण पुन्हा खायला जातो, पुन्हा माणसाजवळ जातो. तारेनं हे सगळं मधलं काढून टाकलं आणि थेट त्या जागेलाच हात घातला.

लेखात कोकेनचं नाव कुठेही नाही. जोड माझी. पण मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज आहे का? डबी उघडायच्या आधी, नुसतं बोट पुढे होताना जे आत हलतं ते मला माहीत आहे.

आत्याबाईंनी भरीत-भाकरी केली होती. अर्धी भाकरी परत ठेवली.

८ सप्टेंबर, रविवार

शास्त्र शिकवते तर शास्त्रानं वागावं. आजपासून मी उंदीर आणि मीच टिपणारी. दिवसात किती वेळा बोट डबीत गेलं ते इथे लिहायचं. आज — नऊ. रोज एकेक कमी करायचं. नऊ दिवसांत शून्य. सोपा हिशेब.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आठ. दहा. नऊ. अकरा. आज टिपायचं सोडलं.

१५ सप्टेंबर, रविवार

खकनारहून सरुबाई आली. आत्याबाईंच्या भावाची सून. बरोबर दहा महिन्यांचं पोर. कापूस निंदायला जाताना पोराला अफूची गोळी देऊन निजवते. आता पोर गोळीशिवाय राहत नाही. नाही दिली की अंग ताणून रडतं, निळं पडतं. बिचारी स्वतःही रडत होती.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आजपासून बंद कर. एक दाणाही द्यायचा नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी सातवीत नापास झालेली मुलगी. "एकदम तोडशीन तं पोर हातचं जाईन. गोळी बंद नाही करायची. गोळीत रोज तिळाएवढी अफू कमी, तिळाएवढा गूळ जास्त. गोळी तेवढीच दिसली पाह्यजे. त्याले समजलंच नाही पाह्यजे का कधी सुटली."

"तुम्ही सोडवली कोणाची?"

"प्रकाशची. दोन वर्साचा होईस्तोवर देत होती ना मी. शेतात कोण पाहीन त्याले?"

हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही ठाऊक नसेल. मी आत जाऊन दार लोटलं आणि दोनदा मशेरी लावली. विज्ञानाच्या बाईच्या घरात अफूचे धडे, आणि बाईची बत्तिशी राखाडी!

२२ सप्टेंबर, रविवार

सरुबाई काल गेली. गुळाच्या गोळ्या करायला शिकून गेली.

आज बाटली उजेडात धरून पाहिली. अर्ध्याच्या खाली. ती संपल्यावर काय, हा विचार मी एखादं भांडं उपडं घालावं तसा उपडा घालून ठेवलाय.

२६ सप्टेंबर, गुरुवार

भोपाळहून पत्र. आबकारी खात्याचं, हिंदीत, तीन शिक्के. स्वर्गीय डॉक्टरांच्या परवान्यावरील विषारी औषधे शिल्लक असल्यास जमा करावीत, वर्ष संपण्यापूर्वी अधिकारी प्रत्यक्ष येतील.

हे गेले तेव्हा मी नागपूरला कळवलं होतं. उत्तर आलं नाही. मग राज्य बदललं, फायली गाड्यांत भरून भोपाळला गेल्या, आणि मला वाटलं, सुटले. फाईल हरवली म्हणजे बाटली माझी. दोन वर्षं तीच कृपा मानून बसले होते.

आता? बाटली दिली तर मी काय करू? नाही दिली तर खोटं बोलावं लागेल, आणि मग ती संपेपर्यंत मी आणि ती. संपल्यावर कुठे जाईन? सिंधीपुऱ्यात पानातून घालून विकणारा एक होता म्हणतात. शाळेतली बाई पदर डोक्यावर ओढून पानाच्या टपरीशी उभी! हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी घाबरले नाही. जागा कुठे असेल ह्याचाच विचार करायला लागले. त्याचीच मला भीती वाटली.

६ ऑक्टोबर, रविवार

रशियानं आभाळात चंद्र सोडला. मुली आठवडाभर दुसरं काही बोलणार नाहीत.

डबी मात्र बिघडली आहे. हिरड्या पहिल्यासारख्या बधिर होत नाहीत. रंगही काळपट दिसतो. आत्याबाईंनी तंबाखू जास्त भाजला असावा. आज भुकटी वाढवली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

वाढवूनही तेच. रविवारी राखाडी होती, आज काळपट.

१३ ऑक्टोबर, रविवार

समजलं! डबी नाही, मी बिघडले.

काल शाळेतून येताना राजपुऱ्याच्या वळणावर एकदम उमगलं. मेंदूतली ती जागा रोज इतकी ठोकली गेली की तिला घट्टे पडले. पहिल्यांदा टाळी वाजवली की दचकतो, शंभराव्यांदा मान वळत नाही. तसं. म्हणजे आता जास्त लागणार, मग त्याहून जास्त, आणि शेवटी कितीही घातलं तरी काही नाही. उंदीर पेडल दाबत राहणार आणि तार थंड!

सुरेशला लिहावं का? 'माझ्या एका ओळखीच्या बाईंबद्दल' असं? तो ओळखेल. फाडलं.

भुकटी दुपटीनं घातली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपटीचा उपयोग तीन दिवस. मग तेच.

आज आत्याबाईंनी माळा साफ करायला काढला. वयाच्या पासष्टीत शिडीवर! सगळी पितळेची भांडी चिंचेनं घासली, दुपारी पुन्हा घासली. मी म्हटलं, दिवाळीला अजून वेळ आहे. "हात शिवशिवतात," म्हणाल्या. बरं आहे, एकीचे तरी शिवशिवतात. मला आज दुपारी गाढ झोप लागली. दोन वर्षांत दुपारी झोपले नव्हते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी पार पडली. फराळ सगळा आत्याबाईंनी एकटीनं केला आणि स्वतः खाल्ला नाही. मीच खाल्ला — चकल्या, शेव, मालेगावहून आलेल्या करंज्या. भूक लागते. माझ्या सिद्धांतात हे बसतं. ती जागा बधिर झाली म्हणून भूक परत मोकळी सुटली. सिद्धांत चांगला आहे. शास्त्रज्ञ मात्र पेटीत बसलाय.

आत्याबाई फार बोलायला लागल्या आहेत. लहानपणी ताप्ती कशी चढायची, ह्यांना पहिला दात कधी आला, ह्यांचे वडील बाजारातून येताना बैल कसे हाकत. तेच पुन्हा. मी पेपर तपासत असले तरी. दोन वर्षांत पोरासाठी नीट रडल्याही नव्हत्या. आता बांध फुटला असेल. मी हूं हूं करते. बरंही वाटतं, रागही येतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

रशियानं दुसऱ्या चंद्रात कुत्री घातली आहे. मंगला म्हणून सहावीतली मुलगी, तोंडानं फटकळ. विचारते, "बाई, ती परत कशी येईल?"

"नाही येणार," म्हटलं.

"मग तिला खायला?"

"दिलंय बरोबर."

"तिला माहीत आहे का, नाही येणार ते?"

मी फळ्याकडे वळले आणि आतड्यांची लांबी लिहायला लागले. घरी येऊन चार वेळा मशेरी लावली. काहीच झालं नाही, नुसता तंबाखू चरचरला. तरी पाचव्यांदा लावली. मासिकात एक वाक्य आहे — वीज बंद केली की उंदीर काही वेळ पेडल दाबून पाहतो, आणि मग सोडून झोपी जातो. माझी वीज चालू आहे का बंद, तेच कळत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

भुकटी तिप्पट.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आत्याबाईंशी भांडले. कारण क्षुल्लक, त्या मला सारख्या म्हणत होत्या, "लाव, लाव मशेरी, मी कुठं नाही म्हणते." त्यांनी मशेरीचं नाव काढलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय वाटेल ते बोलले. लेकाच्या मागे सुनेवर पहारा ठेवता का, इथपर्यंत. त्यांनी दोन्ही डब्या पुसून कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवल्या आणि अंगण झाडायला गेल्या. सकाळपासून तिसऱ्यांदा.

पाया पडून माफी मागावी असं वाटलं. नाही मागितली.

२४ नोव्हेंबर, रविवार

गंमत अशी की बोट आता विसरायला लागलं आहे. काल शाळेत पुडी न्यायची राहिली आणि तिसऱ्या तासापर्यंत आठवलं नाही. आठवल्यावर ओढ आली, पण पाय फरफटत नेणारी नाही. टिपण पुन्हा सुरू केलं. काल पाच. आज चार.

घट्टे इतके पडले की पेडलातच रस उरला नाही? मेंदू स्वतःच सोडवतो आहे? असं मासिकात कुठेच नाही. मग हे माझंच निरीक्षण. थोडी ऐट वाटली.

आत्याबाई वाळल्या आहेत. गालफडं बसली. दात एकमेकांवर घासत असतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाल्या, "मले काय धाड भरली? मी तं पहिल्यापेक्षा चांगली हाय." खरंच, अंगणात माझ्यापेक्षा चपळ. दाढ दुखायची म्हणून रोज कण्हायच्या, तेही थांबलं.

१ डिसेंबर, रविवार

काल खंडव्याहून कार्ड आलं. आबकारीचे साहेब गुरुवारी, बारा तारखेला येणार.

बाटलीत दोन बोटं भुकटी उरली आहे. आज डबी भरताना हात थांबला. पहिल्यांदा थांबला. मग भरलीच, पण थांबला होता.

८ डिसेंबर, रविवार

आठवडाभर भांडतेय स्वतःशी. बाटली द्यायची की 'काही शिल्लक नाही' म्हणायचं? ठेवली तर वाचतेच असं नाही, आणि दिली तर मरतेच असंही नाही. पण हात देईल का? नोकरी, अब्रू, सगळं ह्या एका प्रश्नाला बांधलेलं आहे, आणि उत्तर माझ्याजवळ नाही, बोटाजवळ आहे. ज्या मेंदूनं ठरवायचं तोच तर बिघडलेला! न्यायाधीशच चोर.

डबी भरली. गेल्या खेपेएवढीच.

१२ डिसेंबर, गुरुवार

दिली!

साहेब सकाळी अकरा वाजता आले. तिवारी आडनाव, थकलेला सज्जन माणूस, काखेत फाईल. आत्याबाईंनी चहा केला. साहेबांनी फाईल उलगडली आणि ते हसले. "बहनजी, नागपूर से जो काग़ज़ आए हैं, उनमें मात्रा वाला पन्ना ही नहीं है. अब कुछ बचा हो तो दे दीजिए, न बचा हो तो लिख दीजिए कि नहीं है. हमें तो एक काग़ज़ चाहिए."

बघा! दार सताड उघडं. कुणी विचारणार नव्हतं. दोन ओळी लिहायच्या, सही करायची, बाटली माझी. ह्यांच्या कपाटापाशी गेले, किल्ली लावली. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराचा बोळा मुठीत. बाटली काढली. ह्यांचं अक्षर वाचलं. 'किल्ली डॉक्टरांजवळ.' आणि टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी वजनही केलं नाही. लिहिलं — एक शीशी. मी सही केली. बाटली त्यांच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याच्या शेजारी.

ते गेल्यावर माझी डबी मोरीत उपडी केली, राखेनं घासली, साधी मशेरी भरून ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, "शाबास, पोरी." मला पोरी त्या कधी म्हणत नाहीत. त्यांना काय माहीत, कशाबद्दल शाबास? तरी मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. अंग किती हलकं झालंय त्यांचं.

१४ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस वाईट. उदास, जड, चिडचिड. पण वाटलं होतं भिंतीवर डोकं आपटीन, तसं काही नाही. जेवले. झोपले.

१५ डिसेंबर, रविवार

आत्याबाई ताप्तीवर गेल्या नाहीत. थंडी वाजते म्हणाल्या. मी पुढच्या खोलीत जाऊन रिकाम्या कपाटापुढे उभी राहिले. सवयीनं छातीत एकदा धडधडलं. एकदाच.

आज सुरेशला सगळं लिहिलं. ओळखीची बाई वगैरे नाही, मी. लिहिलं की तुझ्या मासिकात एक उणीव आहे. उंदराच्या मेंदूत ठरवणारी जागा दिसत नाही, माणसाच्या असते. मी पेटीत होते आणि मी स्वतःच्या इच्छेनं पेडलावरून पाय काढला. वाचून पाहिलं, जरा भाषण झालंय. असू दे. दोन वर्षांनी एक भाषण मला माफ.

१७ डिसेंबर, मंगळवार

आत्याबाई काल दुपारपासून निजून. उठवलं तर अंगावर ओरडल्या. मग रडल्या, कशासाठी ते सांगेनात. तीन महिने घाण्याच्या बैलासारख्या राबल्या, आता अंग गळालं असेल. उद्या डॉक्टरांना आणते.

१९ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी काल टॉनिक लिहून दिलं. आज सकाळी शाळेला निघाले तर आत्याबाई ह्यांच्या कपाटापुढे जमिनीवर बसलेल्या. कपाट उघडं. जीभ सारखी ओठांवरून फिरत होती.

"निर्मले, माही मशेरी सरली. तुह्यातली चिमूटभर दे."

कोनाड्यात भरलेली आहे की, म्हटलं.

"ती नाही. प्रकाशच्या कपाटातली."

मी तिथेच खाली बसले. मग त्यांनी सांगितलं, अगदी साधेपणानं. "तुही डबी राखाडी दिसली तवाच समजली मी. सरुचं पोर आलं होतं ना, तवापासून. तू शाळेत गेली का तुह्यातली काढायची, माह्यातली तुह्यात घालायची. पयले एक चिमूट, मंग दोन, मंग अर्धी डबी. तेवढीच दिसली पाह्यजे. तुले समजलंच नाही पाह्यजे."

"आणि माझ्यातली काढलेली?"

"माह्या डबीत. मशेरी कोणी फेकते का, बाई? वरून पोराच्या हातचं औषध. दाढबी राह्यली दुखाची."

त्यांचा हात पुढेच होता. त्यांची सोडवायची तर तिळातिळानं कमी करायला हाताशी थोडी तरी भुकटी हवी. बाटली गेल्या गुरुवारी खंडव्याला गेली. मीच दिली, सही करून.